पाली, पायगुण आणि पाहिलेले सामने

बीड शहर मागें टाकून सोलापूरच्या रस्त्यानें दक्षिणेकडे निघालें म्हणजे वाटेंत खजाना विहीर लागते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, निजामशाहीच्या अमदानींत, ही विहीर बांधली गेली. राजा भास्कर नांवाच्या कारागिराच्या बुद्धींतून ती उतरली असें सांगतात. विहिरीच्या पोटांतून भुयारी पाट निघतात व त्यांतून पाणी आपल्या उतारानें शेतांकडे जातें. मोट नको, रहाट नको. दुष्काळांतही हिची पातळी ढळत नाहीं, अशी या बाजूच्या लोकांची श्रद्धा आहे. तेथून पुढें बालाघाटच्या टेकड्या हळूहळू जवळ येऊं लागतात, आणि बीडपासून सुमारें दहा किलोमीटरांवर आमचें मूळ गांव पाली येतें.

पालीजवळच बिंदुसरेचें धरण आहे. ही नदी बालाघाटांत उगम पावून बीड शहरांतून वाहते, पुढें सिंदफणेस मिळते व सिंदफणेच्या संगतीनें गोदावरीस पोंचते. चांगला पाऊस होऊन धरण भरलें कीं सांडव्यावरून पाण्याची पांढरी चादर वाहूं लागते, आणि ती पाहण्यास बीडची सारी तरुण मंडळी पालीस लोटते. एरव्हीं पालीस पाहुणा क्वचितच थांबतो. मांजरसुंब्याचा घाट चढून कपिलधारेस मन्मथस्वामींच्या दर्शनास जाणारे यात्रेकरू आमच्या गांवावरून जातात, पण उतरत नाहींत. दिवाळीच्या सुमारास या भागांतील कित्येक कुटुंबें कोयते घेऊन ऊसतोडीस निघून जातात, तेव्हां तर गांवें अर्धीं रिकामीं होतात. अशा या गांवांत प्रेक्षणीय तें काय, असें वाचक विचारतील. आमच्या घराची ओसरी आणि त्या ओसरीवरील कोनाड्यांत ठेविलेली एक शंभर पानी वही, या दोन गोष्टींविषयीं मला येथें लिहावयाचें आहे.

घर माळवदाचें. पुढें देवडी, मग चौक, चौकाभोंवतीं ओसरी, आणि मागें आड. माझ्या लहानपणीं या घरांत चार चुली नव्हत्या, एकच होती. आणि तिच्यावर तीस माणसांचा स्वयंपाक होई. ओसरीच्या एका खांबापाशीं आमच्या आजोबांचा रेडिओ असे. क्रिकेटच्या दिवसांत त्या खांबापाशीं पुरुषमंडळी जमत आणि खांबाच्या पलीकडे, माजघराच्या दाराआड, आमची आत्या बसे. १९७२ सालीं, वयाच्या विसाव्या वर्षीं, कपाळ पुसून ती माहेरीं परत आली होती. सणासमारंभांत तिनें पुढें यावयाचें नाहीं, बाहेर निघणाऱ्या माणसाच्या समोरून जावयाचें नाहीं, हें तिला कोणी स्पष्ट शब्दांत सांगितल्याचें मला आठवत नाहीं. तें तिला न सांगतां कळलें होतें. पण दाराआडून ऐकण्यास कोणाची मनाई नव्हती. बाळ ज. पंडितांचें मराठी समालोचन सुरू झालें कीं ती जुन्या कॅलेंडराच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीनें धांवा मांडीत बसे. संध्याकाळीं पुरुषमंडळींत एखाद्या फलंदाजाच्या धांवांवरून वाद पडला तर शेवटीं कोणी तरी माजघराकडे तोंड करून विचारी, आणि आंतून अचूक आंकडा येई.

१९७५ च्या जानेवारींत धाकट्या काकांबरोबर मी मुंबईस सामना पाहण्यास निघालों, तेव्हां ती वही आत्यानेंच माझ्या पिशवींत घातली. "अरे, ऐकलेलें वेगळें आणि पाहिलेलें वेगळें," ती म्हणाली. "ऐकलेलें माझ्याजवळ आहे. तूं पाहशील तेवढेंच यांत लिही." त्या एका वाक्यांतून वहीचे सारे नियम निघाले. सामना स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेला असावा. निदान एक दिवस खेळाच्या आरंभापासून शेवटपर्यंत मैदानांत बसलेलें असावें. निकाल भारताच्या बाजूनें लागला तर जमेच्या रकान्यांत, विरुद्ध लागला तर नांवेंच्या रकान्यांत. जें रेडिओवर ऐकलें वा पुढें दूरचित्रवाणीवर पाहिलें, त्यास या वहींत जागा नाहीं.

त्या काळीं पालीहून मुंबईस जाणें ही लहानशी तीर्थयात्राच होती. बीडहून एस. टी. नें अहमदनगर गांठावयाचें, तेथून दौंडपर्यंत आगगाडी, आणि दौंडास गाडी बदलून मुंबई. बीडास आगगाडी येण्यास मग पुढें पन्नास वर्षें लागलीं. अहिल्यानगरहून बीडपर्यंत गाडी सुरू झाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजीं, मराठवाडा मुक्तिदिनीं. असो. १९७५ चा तो सामना वानखेडे मैदानावरील पहिलाच कसोटी सामना होता. वेस्ट इंडीजच्या क्लाइव्ह लॉइडनें नाबाद २४२ धांवा केल्या. उंच, किंचित् वांकलेला, चष्मा लावलेला तो माणूस बॅट अशी फिरवी कीं जणूं कोणी अंगणांतील पाला झाडीत आहे. भारत २०१ धांवांनीं हरला व मालिका ३-२ अशी गेली. वहींतील पहिली नोंद नांवेंच्या रकान्यांत पडली.

दुसरी नोंद १९८० च्या फेब्रुवारीची. भारतीय क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त इंग्लंडशीं झालेला हा सामना. इंग्लंडच्या बोथमनें शतक काढलें आणि सामन्यांत तेरा बळी घेतले. शतक आणि दहा बळी असा दुहेरी पराक्रम पुरुषांच्या कसोटींत त्यापूर्वीं कोणी केला नव्हता. पण त्या सामन्यांतील दुसरीच एक गोष्ट माझ्या मनांत घर करून आहे. इंग्लंडचा यष्टिरक्षक टेलर यास पंचांनीं बाद ठरविलें होतें. आपला कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यास तो निर्णय बरोबर वाटला नाहीं, आणि त्यानें टेलरला परत बोलाविलें. पुढें टेलर व बोथम यांची मोठी भागीदारी झाली आणि भारत दहा गडी राखून हरला. वहींत पराभव लिहिला, पण त्याच्याखालीं विश्वनाथाचें नांवही लिहिलें.

तिसरी नोंद ५ नोव्हेंबर १९८७ ची. विश्वचषकाचा उपांत्य सामना. इंग्लंडच्या गूचनें झाडू मारावा तसे फटके मारून ११५ धांवा केल्या, सुनील गावसकर आपल्या अखेरच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत चार धांवांवर परतला, आणि भारत ३५ धांवांनीं हरला. चौथी नोंद पुढच्याच वर्षाची, नोव्हेंबर १९८८. न्यूझीलंडनें आम्हांस १३६ धांवांनीं हरविलें.

चार सामने, चार पराभव. मी पालीस परतलों तेव्हां निकाल माझ्या आधीं घरीं पोंचला होता आणि माझ्यावरील निवाडाही तयार होता. आमच्या थोरल्या काकूंनीं हंसत हंसत, पण पुरतें हंसत नव्हे, सांगितलें कीं, "याचा पायगुणच वाईट. हा गेला कीं हरलेंच." त्या दिवसापासून घरांत मला 'पांढऱ्या पायाचा' हें नांव पडलें. मोठा सामना आला कीं लहान मुलें दारांत आडवीं उभीं राहत आणि म्हणत, "काका, तुम्हीं जाऊं नका हं." मीही हंसत असें. माजघराच्या दाराआड मात्र कोणी हंसलें नाहीं. हें नांव आमच्या घरांत यापूर्वींही एका माणसास मिळालेलें होतें, आणि तें थट्टेनें मिळालेलें नव्हतें.

माझ्या वहीची पुढील हकीकत सांगण्यापूर्वीं डोळ्यांनीं पाहिलेल्या खेळाचें मोल काय, याविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. १९४८ च्या डिसेंबरांत पुण्यास महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनीं काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धांवा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ चा उच्चांक अवघ्या नऊ धांवांवर होता. पण मध्यंतरानंतर काठेवाडच्या संघानें मैदानांत उतरण्याचें नाकारलें व सामना तेथेंच संपला. त्याच हंगामांत, १९४९ च्या मार्चमध्यें, पुण्यासच मुंबई व महाराष्ट्र यांच्या सामन्यांत दोन्ही बाजूंच्या मिळून २,३७६ धांवा झाल्या. हे आंकडे आज कोणासही पुस्तकांत सांपडतील, कारण आनंदजी डोसा यांच्यासारख्या माणसानें भारतीय क्रिकेटचे आंकडे जमविण्यांत उभें आयुष्य वेंचलें. पण निंबाळकरांची ती खेळी ज्यांनीं मैदानांत बसून पाहिली, त्यांच्याजवळ पुस्तकापलीकडचें कांहीं तरी होतें. निंबाळकरांस एकही कसोटी सामना खेळावयास मिळाला नाहीं. त्यामुळें त्या दिवसाचे साक्षीदार हीच त्यांच्या कीर्तीची खरी ठेव होय. महाराष्ट्राच्या संघास रणजी करंडक प्रथम मिळवून देणारे प्रा. दि. ब. देवधर हे तर संस्कृतचे प्राध्यापक होते, आणि एकशें एक वर्षांचें आयुष्य त्यांस लाभलें. शास्त्र शिकलेल्या माणसास खेळ परका नाहीं, आणि खेळास हिशेब परका नाहीं, हें त्यांच्या चरित्रावरून दिसतें.

साक्षीची ही अट मी सहसा मोडीत नाहीं. ६ फेब्रुवारी २०२४ रोजीं दक्षिण आफ्रिकेंतील बेनोनी येथें एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यांत भारताचे चार गडी ३२ धांवांत गेले असतांना आमच्या बीडचा सचिन धस खेळावयास आला आणि ९६ धांवा करून त्यानें सामना ओढून आणला. त्या रात्रीं पालीच्या ओसरीवर जो आनंद झाला तो अवर्णनीय होता. तरी तो सामना वहींत नाहीं. पडद्यावर पाहिलेल्या गोष्टींस माझी साक्ष काय कामाची?

आतां वहीकडे वळूं. १९८८ च्या पराभवानंतर सवाचार वर्षांनीं, १९९३ च्या फेब्रुवारींत, मी पुन्हां वानखेडेवर गेलों. विनोद कांबळीनें २२४ धांवा केल्या आणि भारतानें इंग्लंडला एक डाव व १५ धांवांनीं हरविलें. घरीं आल्यावर काकूंनीं माझ्या पायगुणाचा फेरविचार करावा, अशी माझी अपेक्षा होती. परंतु त्या वेळीं बरोबर माझी पत्नी होती. तेव्हां विजय तिच्या पायगुणावर जमा झाला. २००१ सालीं ऑस्ट्रेलियानें तीन दिवसांत दहा गडी राखून हरविलें. तें पुन्हां माझ्या नांवें पडलें. २००४ सालीं जिंकावयास अवघ्या १०७ धांवा हव्या असतांना ऑस्ट्रेलियाचा डाव ९३ धांवांत आटोपला. त्याचें श्रेय खेळपट्टीस मिळालें. २०११ च्या २ एप्रिलला वानखेडेवर भारतानें विश्वचषक जिंकला, तेव्हां मला तिकीट न मिळाल्यामुळें मी पालीस होतों. घरांतील मंडळींनीं मला पेढा भरविला तो "तूं गेला नाहींस" म्हणून!

वाचकांच्या ध्यानांत या हिशेबाची खुबी आलीच असेल. पराभव झाला कीं तो माझ्या पायांचा. विजय झाला कीं तो दुसऱ्या कोणाचा. आणि मी नसतांना विजय झाला कीं तो माझ्या गैरहजेरीचा. ज्या वहींत एकच रकाना आहे, तिच्यांत बेरीज काय निघावयाची?

म्हणून आम्ही दोघांनीं, म्हणजे मीं व आत्यानें, एकदां ओसरीवर बसून दोन्ही रकाने मांडले. पहिल्या चार पराभवांपासून सुरुवात केली. बरोबरीचे सामने सोडून दिले व हार-जीत समसमान संभवनीय धरली, तर लागोपाठ चार पराभव पाहण्याचा प्रसंग सोळांत एकदां येतो. म्हणजे सामने पाहणारीं सोळा माणसें घेतलीं तर त्यांत सरासरीनें एक जण 'पांढऱ्या पायाचा' ठरावयाचा. त्यास देवाचा कोप नको कीं ग्रहांची दशा नको. आमच्या भागांतील सोळा घरांपैकीं तो मान आमच्या घरास मिळाला, इतकेंच.

त्यानंतर सारा हिशेब. तो पुढें मीं २०२४ अखेरपर्यंत आणून ठेविला आहे. १९७५ पासून तोंपर्यंत वानखेडे मैदानावर भारतानें एकंदर २७ कसोट्या खेळल्या. विजय १२, पराभव ८, अनिर्णित ७. त्यांपैकीं ९ मीं पाहिल्या: १९७५, १९८०, १९८८, १९९३, २००१, २००४, पुढें २०१३ चा सचिन तेंडुलकरचा निरोपाचा सामना, २०१६ चा इंग्लंडविरुद्धचा, आणि २०२१ चा, ज्यांत न्यूझीलंडच्या एजाझ पटेलनें एका डावांतील दहाही गडी बाद केले आणि तरी भारत ३७२ धांवांनीं जिंकला. माझ्या नऊ सामन्यांत विजय ५, पराभव ४. उरलेल्या १८ सामन्यांत मी नव्हतों; त्यांत विजय ७, पराभव ४, आणि ७ अनिर्णित. पुण्याजवळील गहुंजे येथें झालेल्या तिन्ही कसोट्या मीं पाहिल्या. २०१७ सालीं ऑस्ट्रेलियाकडून ३३३ धांवांनीं पराभव, २०१९ सालीं दक्षिण आफ्रिकेवर विजय, २०२४ सालीं न्यूझीलंडकडून ११३ धांवांनीं पराभव. एकूण कसोट्या बारा; सहा विजय, सहा पराभव. तागडी अगदीं सरळ.

आतां प्रश्न असा कीं, २०००, २००६, २०१२ व २०२४ या वर्षीं वानखेडेवर भारत हरला, तेव्हां मी घरीं होतों. ते चार पराभव कोणाच्या पायगुणानें झाले? या प्रश्नास आमच्या घरांत उत्तर मिळालें नाहीं. नांवेंच्या रकान्यास धनी लागतो. मी नसलों तर तो पराभव कोणाच्याच नांवें पडत नसे.

वाचकहो, माझ्यावर हा प्रसंग थट्टेवारी आला व थट्टेवारी गेला. एका मैदानांत न गेल्यानें माणसाचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु आत्याच्या वहींतही असाच एक रकाना होता, आणि तिचा निवाडा चार सामन्यांवर नव्हे, तीन गोष्टींवर झाला होता. ती लग्न होऊन गेल्यावर वर्षाच्या आंत तिचे यजमान विषमज्वरानें वारले, ही पहिली. ती माहेरीं परत आली त्या उन्हाळ्यानंतर आमचा आड आटला, ही दुसरी. त्याच वर्षीं वैरणीवांचून गोठ्यांतील बैलजोडी गेली, ही तिसरी.

तें साल १९७२ होतें! त्या सालीं पाऊस पडला नाहीं तो एकट्या पालीस नव्हे. महाराष्ट्रांतील जिल्ह्यांमागून जिल्हे होरपळून निघाले. लक्षावधि माणसें खडी फोडण्यास व पाझर तलाव खणण्यास गेलीं. सरकारास रोजगार हमीची योजना काढावी लागली. ज्यांच्या घरीं कोणतीही विधवा मुलगी परत आली नव्हती, त्यांचेही आड आटले आणि त्यांचीही जनावरें गेलीं. हें सारें आमच्या वडील माणसांनीं डोळ्यांनीं पाहिलेलें होतें. तरी आमच्या आडाचा कोरडा तळ पाहतांना त्यांस शेजारचा आड दिसला नाहीं. पुढें २३ जुलै १९८९ रोजीं बिंदुसरेस महापूर येऊन बीड शहराची फार मोठी हानि झाली. त्या दिवशीं आमच्या घरचीं चार माणसें बाजारास जावयाचीं होतीं. आत्यास ताप भरल्यामुळें तीं घरींच राहिलीं. तीं वांचलीं हें आत्याच्या जमेस कोणी धरलें नाहीं. आणि धरावें असेंही मी म्हणत नाहीं. पूर जसा तिच्यामुळें आला नाहीं, तसा बचावही तिच्यामुळें झाला नाहीं. माझें म्हणणें एवढेंच कीं, तोटा लिहिणारांनीं नफाही लिहावयास हवा होता. म्हणजे दोहोंतही अर्थ नाहीं हें त्यांस आपोआप कळलें असतें.

असें एकरकानी हिशेब आमच्याच घरीं होतात असें नाहीं. पालीसच दत्ता व संध्या बारगजे या दांपत्यानें उभी केलेली इन्फंट इंडिया ही संस्था आहे. एच. आय. व्ही. ची बाधा असलेल्या मुलांचा ती सांभाळ करते. शेजारीं बसल्यानें, एका ताटांत जेवल्यानें वा हात धरल्यानें ही बाधा होत नाहीं, हें वैद्यकशास्त्रानें केव्हांच सिद्ध केलें आहे. तरी अशा मुलांस दूर लोटणारीं सुशिक्षित घरें कमी नाहींत. आईबापांच्या मरणाचा आंकडा तेवढा त्या लेंकरांच्या नांवें लिहिला जातो. चादर पाहण्यास पालीस येणारांनीं परततांना हाही विचार मनांत आणावा.

२०१९ च्या ऑक्टोबरांत मीं आत्यास म्हटलें, "आत्या, गहुंज्यास चल. ऐकलेलें पुष्कळ झालें." सदुसष्टाव्या वर्षीं प्रथमच ती मैदानाच्या पायऱ्या चढली. दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या सामन्याचा तो दुसरा दिवस. उन्हांत पदर डोक्यावर घेऊन, मांडीवर कॅलेंडराचा कागद ठेवून ती बसली आणि विराट कोहलीच्या नाबाद २५४ धांवांपैकीं त्या दिवशींच्या साऱ्या धांवा तिनें एकेक करून मांडल्या. फलकावरील एक आंकडा क्षणभर मागें राहिला तेव्हां, "फलक चुकला," असें ती म्हणाली; आणि दुसऱ्याच क्षणीं फलक सुधारला. शेजारचीं तरुण मुलें पुढें दिवसभर फलकाऐवजीं तिलाच धांवा विचारीत होतीं. दाराआडून आंकडा देणारी आमची आत्या त्या दिवशीं उघड्या मैदानांत हजारों माणसांत बसून आंकडा देत होती. तिसऱ्या दिवशीं आम्ही पालीस परतलों आणि चौथ्या दिवशीं भारत एक डाव व १३७ धांवांनीं जिंकला.

वहीच्या शेवटच्या पानावर मीं तिचें स्वतंत्र खातें उघडलें: पाहिलेले सामने एक, विजय एक, पराभव शून्य. "शेंकडा शंभर!" असें म्हणून मीं तें तिच्यापुढें धरलें. तिनें चष्मा सांवरून पाहिलें आणि म्हणाली, "एका सामन्यावर माणूस शुभ ठरत असेल, तर तिघांवर अशुभ ठरलें तें खरेंच म्हणावें लागेल. खोड तें शेंकड्याचें." मीं तो शेंकडा खोडला. सामना राहिला.

२०२० च्या माघांत आमच्या पुतणीचें लग्न पालीच्याच घरीं झालें. पहिली हळद आत्याआजीनें लावावी, असा तिनें हट्ट धरला. माजघरांत दोन दिवस कुजबुज झाली. नवरी मुलगी बधली नाहीं. शेवटीं आत्या पुढें झाली आणि तिनें हळद लावली. महिना लोटतो न लोटतो तोंच महामारी आली आणि सारें जग दारें लावून घरांत बसलें. तेव्हां घरांतील एका वृद्ध व्यक्तीनें ऐकूं जाईल इतक्या हळू आवाजांत हळदीची आठवण काढलीच. मी संतापलों. आत्या मात्र शांतपणें गव्हांतील खडे वेंचीत होती. "१९७२ सालीं माझ्या वांट्यास महाराष्ट्र आला होता," ती म्हणाली, "आतां सारें जग आलें. बढती झाली म्हणावयाची!" त्यावर तीं वृद्ध व्यक्तीही हंसली, आणि त्यानंतर तो विषय आमच्या घरांत पुन्हां निघाल्याचें मीं ऐकलें नाहीं.

प्रत्येक मोठ्या कुटुंबांत अशी एक न लिहिलेली वही असते. एखाद्या सुनेच्या पावलानें धंदा बसला, एखाद्या मुलाच्या जन्मानें आजोबा गेले, अशा नोंदी तींत वर्षानुवर्षें राहतात, आणि ज्यांच्या नांवें त्या असतात त्यांस त्या कधीं दाखविल्या जात नाहींत. माझी वाचकांस विनंती इतकीच कीं, आपल्या घरची ती वही एकदां ओसरीवर आणावी, कागदावर दोन रकाने पाडावे, आणि शेजारच्या घरांत त्याच सालीं काय घडलें तेंही विचारून लिहावें. हें काम घरांतील शाळकरी मुलांकडून करविलें तर फारच चांगलें. बेरीज-वजाबाकीपलीकडे त्यास गणित लागत नाहीं.

पुतणीस आतां दोन मुलें आहेत. सुटींत तीं पालीस येतात, धरणावर जातात, आणि संध्याकाळीं आत्याआजीच्या शेजारीं बसून धांवा मांडावयास शिकतात. बीडास गाडी आल्यापासून थोरल्याचा एकच धोशा चालला आहे कीं, आजीला आगगाडीनें मुंबईस न्यावें व वानखेडे दाखवावें. आत्याची तयारी आहे. जिंकण्या-हरण्याची चौकशी तिनें केलेली नाहीं. बसण्याची जागा फलक दिसेल अशी मिळेल ना, एवढेंच तिनें विचारलें आहे.